एएस/४०० वर वेब प्रोग्रॅम चालतो, म्हणजे आत नक्की काय होतं?

गोदामातला साठा, विम्याच्या पॉलिसी, कामगारांचे पगार, पाठवलेल्या मालाच्या नोंदी, असली कामं वर्षानुवर्षं मुकाट्यानं करणारे संगणक सहसा कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. मेनफ्रेमपेक्षा लहान, पण टेबलावरच्या पीसीपेक्षा कितीतरी दणकट अशा या यंत्रांना मिडरेंज म्हणतात. त्यांतलं सगळ्यांत चिवट निघालेलं यंत्र म्हणजे आयबीएमचं एएस/४००. २१ जून १९८८ ला ते जाहीर झालं. त्यानंतर त्याचं बारसं पुन्हा पुन्हा झालं. २००० मध्ये ते आयसीरीज झालं, मग सिस्टम आय झालं, आणि २००८ मध्ये यंत्र पॉवर सिस्टम्समध्ये सामावून जाऊन ऑपरेटिंग सिस्टमचं नाव ‘आयबीएम आय’ पडलं. त्यावर काम करणारे बरेच जण मात्र अजून एएस/४०० च म्हणतात. मीही तेच म्हणेन.

या यंत्रावर वेब चालतं का, हा प्रश्न आता जुना झाला. १९९० च्या दशकातच त्यावर वेबपानं पुरवणारा एचटीटीपी सर्व्हर आला होता. विचारायला हवं ते वेगळंच. हे यंत्र ‘एक माणूस, एक जॉब’ (जॉब म्हणजे सिस्टमवर चालू असलेलं एक स्वतंत्र काम) या समजुतीवर उभं राहिलेलं आहे आणि वेबला ती समजूत मुळीच मान्य नाही. प्रोग्रॅम आरपीजी या इथल्या जुन्या भाषेत असो, जावात असो की पीएचपीत, पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच सापडतं.

ग्रीन स्क्रीन कशी चालते

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, ८० स्तंभ आणि २४ ओळी. ५२५० जातीच्या या टर्मिनलला आपण मागासलेलं समजतो, पण त्याची कामाची पद्धत वेबच्या फॉर्मशी आश्चर्य वाटावं इतकी जुळते. तुम्ही एकेक अक्षर टाइप करता तेव्हा मुख्य यंत्राला त्याचा पत्ताही नसतो. पडद्यावरचे सगळे रकाने भरून एंटर दाबला की अख्खा पडदा एकदम पाठवला जातो. यंत्र तो तपासतं आणि पुढचा पडदा धाडतं. ब्राउझरमधला ‘सबमिट’ याहून फार वेगळं काही करत नाही.

फरक आहे तो दोन एंटरच्या मधल्या वेळात. ग्रीन स्क्रीनवर साइन ऑन केलं की तुमच्या नावाचा एक जॉब सुरू होतो आणि साइन ऑफ करेपर्यंत तो तुमचाच असतो. कुठल्या लायब्ररीत (फाइली आणि प्रोग्रॅम ठेवायच्या कप्प्यात) आधी शोधायचं याची यादी, उघडलेल्या फाइली, कुठल्या रेकॉर्डवर येऊन थांबलोय ती जागा, क्यूटेम्प नावाची खास तुमची तात्पुरती लायब्ररी, हे सगळं त्या जॉबच्या पोटात. आरपीजी प्रोग्रॅम पडदा दाखवतो आणि त्याच ओळीवर उत्तराची वाट पाहत उभा राहतो. तुम्ही अर्ध्या तासानं परत येऊन एंटर दाबलात तरी तो तिथूनच पुढे चालू लागतो, व्हेरिएबलमधल्या किमती जशाच्या तशा.

वेबवर असं थांबणारं कुणी नसतं. विनंती आली, उत्तर गेलं, विषय संपला. पुढची विनंती त्याच माणसाची असली तरी सर्व्हरच्या लेखी ती नवीच. सारखं विसरणाऱ्या कारकुनासमोर दर वेळी आपला टोकन नंबर दाखवावा, तसं ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत कुकी दाखवतो आणि मग सर्व्हर त्या नंबरावरून आधीची माहिती शोधून काढतो. म्हणजे पूर्वी जॉब फुकटात लक्षात ठेवत असे ते आता प्रोग्रॅमरनं कुठेतरी लिहून ठेवायचं आणि दर वेळी पुन्हा वाचायचं.

पहिली वाट: आरपीजी आणि सीजीआय

सगळ्यांत जुनी वाट सीजीआयची. एचटीटीपी सर्व्हरकडे विनंती येते, तो तुमचा आरपीजी, कोबॉल किंवा सी मधला प्रोग्रॅम बोलावतो आणि विनंतीतली माहिती त्याच्या हवाली करतो. प्रोग्रॅम एचटीएमएलचा मजकूर बाहेर टाकतो आणि सर्व्हर तो ब्राउझरकडे पाठवतो. आरपीजीला ‘स्टँडर्ड इनपुट’, ‘स्टँडर्ड आउटपुट’ या युनिक्सच्या कल्पना जन्मापासून ठाऊक नाहीत. ती मुळात १९५९ सालची अहवाल छापायची भाषा. म्हणून वाचायला आणि लिहायला आयबीएमनं वेगळे एपीआय दिले. ते वापरायला कंटाळवाणे आहेत, पण काम चोख करतात.

गंमत याच्या पुढे आहे. युनिक्सवरचं पारंपरिक सीजीआय प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रोसेस सुरू करतं आणि काम झालं की बंद करतं. एएस/४०० वर जॉब सुरू करणं महागाचं काम, म्हणून इथला सर्व्हर काही जॉब तयार ठेवतो आणि तेच पुन्हा पुन्हा वापरतो. प्रोग्रॅमही नाव दिलेल्या ॲक्टिव्हेशन ग्रुपमध्ये (जॉबच्या आतल्या, प्रोग्रॅमची मेमरी राखून ठेवणाऱ्या कप्प्यात) असेल तर मेमरीत तसाच राहतो आणि त्याच्या फाइली उघड्याच राहतात. त्यामुळे वेग झकास मिळतो.

पण आरपीजीत एलआर नावाचा एक इंडिकेटर, म्हणजे चालू-बंद होणारी खूण, असतो. तो चालू करून प्रोग्रॅम संपवला तर फाइली बंद होतात आणि पुढच्या वेळी व्हेरिएबल कोरी मिळतात. तो चालू न करता परतलं तर किमती जागच्या जागी राहतात. ग्रीन स्क्रीनवर हा दुसरा प्रकार सर्रास वापरला जायचा, कारण किमती राहिल्या तरी त्याच माणसाच्या राहायच्या. वेबवर त्याच जॉबमध्ये पुढची विनंती कुणा भलत्याचीच येते. आधीच्या ग्राहकाचा क्रमांक व्हेरिएबलमध्ये शिल्लक असेल आणि प्रोग्रॅमनं तो सुरुवातीला पुसला नसेल, तर एकाचा हिशेब दुसऱ्याला दिसू शकतो. आणि एकट्यानं चाचणी घेताना हे कधीच पकडलं जात नाही, कारण तेव्हा आधीचा माणूसही तुम्हीच असता. क्यूटेम्पचंही तेच. वेबच्या जॉबमध्ये ती ‘खास तुमची’ राहिलेली नसते.

दुसरी वाट: जावा

१९९८ मध्ये या यंत्रावर जावा आलं. सुरुवातीची जावा व्हर्च्युअल मशीन आयबीएमनं ऑपरेटिंग सिस्टमच्या पोटात खोलवर बसवली होती. नंतर तिची जागा इतर यंत्रांवर चालणाऱ्या आयबीएमच्याच जावानं घेतली. सर्व्हलेट (वेबच्या विनंतीला उत्तर देणारे जावा प्रोग्रॅम), मग ते चालवणारं वेबस्फिअर, काही काळ टॉमकॅट, अशी ही परंपरा आहे.

सर्व्हलेट सीजीआयपेक्षा वेगळा पडतो तो थ्रेडमुळे. एकाच जॉबमध्ये अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, आणि प्रत्येक थ्रेडवर वेगळी विनंती. ‘एक माणूस, एक जॉब’ हे समीकरण इथे पार मोडतं. जुना आरपीजी प्रोग्रॅम मात्र थ्रेडचा विचार करून लिहिलेला नसतो. म्हणून जावातून तो बोलावताना सहसा आयबीएमचा ‘टूलबॉक्स’ हा जावा संच वापरतात. २००१ पासून हा टूलबॉक्स जेटीओपन या नावानं मुक्त स्रोत आहे. त्यातून प्रोग्रॅम बोलावता येतो, कमांड देता येते, डेटा क्यूत (प्रोग्रॅमांमधल्या संदेशांच्या रांगेत) संदेश टाकता येतो आणि जेडीबीसीनं (जावाच्या डेटाबेस-जोडणीनं) डेटाबेस वाचता येतो. आरपीजीचं काम पलीकडे एका वेगळ्या, आधीच सुरू करून ठेवलेल्या जॉबमध्ये होतं. थ्रेड इकडे, आरपीजी तिकडे, भांडण नाही.

डेटाबेसचे हे तयार जॉब यादीत पाहिले की नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. सगळ्यांचं नाव क्यूझेडडीएएसओआयएनआयटी, सगळ्यांचा मालक क्यूयूजर. खरा वापरकर्ता आत असतो. जोडणी झाली की जॉब त्याच्या प्रोफाइलचा (सिस्टमवरच्या खात्याचा) अंगरखा चढवतो आणि काम संपल्यावर उतरवतो. म्हणून इथे जॉबच्या नावावरून माणूस ओळखायला जाऊ नये, ‘सध्याचा वापरकर्ता’ हा वेगळा रकाना पाहावा.

इतका खटाटोप कंपन्यांनी का केला, याचं एक कारण तांत्रिक नाहीच. त्या काळच्या अनेक मॉडेलांवर ग्रीन स्क्रीनच्या कामासाठीची ताकद आयबीएम वेगळी आणि महाग विकत असे. ठरलेल्या मर्यादेपलीकडे ग्रीन स्क्रीनचं काम गेलं की सीएफआयएनटी नावाचं सिस्टमचं एक टास्क प्रोसेसर खाऊ लागे आणि सगळ्यांनाच धीमेपणा जाणवे. तेच काम वेबवरून किंवा जावातून आलं तर ते ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणून मोजलं जात नसे. म्हणजे तोच साठा, तोच हिशेब, तेच यंत्र, पण ब्राउझरमधून विचारलं तर स्वस्त. वेबकडे जाण्याच्या गोंडस कारणांच्या यादीत हे क्वचितच असतं. पैशाच्या बैठकीत मात्र बहुधा हेच वजनदार ठरत असावं.

तिसरी वाट: पेस

आज नवं काही लिहायचं असेल तर बहुतेक जण पेसमध्ये उतरतात. पेस म्हणजे आयबीएमच्याच एआयएक्स या युनिक्ससाठी बनवलेले प्रोग्रॅम चालवणारं, ऑपरेटिंग सिस्टममध्येच असलेलं दालन. हे इम्युलेटर नाही आणि वेगळं व्हर्च्युअल मशीनही नाही. प्रोसेसर दोन्हीकडे पॉवरच असल्यामुळे एआयएक्सचा प्रोग्रॅम थेट चालतो, फक्त सिस्टमकडे काही मागायचं झालं की ती मागणी एएस/४०० च्या गाभ्याकडे जाते. २००६ मध्ये झेंड या कंपनीच्या साथीनं पीएचपी इथे आलं, पुढे नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) आणि पायथन आले. २०१८ पासून ही सगळी सामग्री लिनक्सवाल्यांच्या सवयीच्या आरपीएम आणि यम या पद्धतीनं बसवता येते. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण वेब लिहिणाऱ्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी परक्या कमांड पाठ कराव्या लागत नाहीत.

पेसमधला प्रोग्रॅम त्याच डेटाबेसशी बोलतो, त्याच आरपीजीला बोलावतो. पण तो युनिक्सच्या जगातून बोलतो, आणि दोन जगांच्या सीमेवर अक्षरांची अडचण उभी राहते.

अक्षरांचा घोळ

एएस/४०० परंपरेनं एबसिडिक ही लिपिसंकेतांची पद्धत वापरतं, बाकीचं जग आस्की आणि युनिकोड. आस्कीत इंग्रजी मोठ्या ए अक्षराचा संकेत सोळाच्या पायात ४१, एबसिडिकमध्ये सी१. प्रत्येक रकान्यावर आणि फाइलवर सीसीएसआयडी नावाचा क्रमांक असतो आणि तो बघून सिस्टम रूपांतर करून देते. अमेरिकी इंग्रजीचा ३७, यूटीएफ-८ चा १२०८. क्रमांक बरोबर असेल तर तुम्हाला यातलं काही कळतही नाही.

पण ६५५३५ हा एक क्रमांक आहे, त्याचा अर्थ ‘हात लावू नका’. जुन्या यंत्रांवर तो मूळ सेटिंग म्हणून सगळीकडे पसरलेला असतो. आतल्या आत सगळेच एबसिडिक बोलत असल्यामुळे वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. मग एक दिवस नोडमधून तोच रकाना वाचला की ग्राहकाच्या नावाऐवजी सी१, डी४ असल्या जोड्या दिसतात. जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘बायनरीचंही रूपांतर कर’ असं सांगून वेळ मारून नेता येते, पण खरा उपाय रकान्याला योग्य सीसीएसआयडी देणं हाच.

याहून लपून बसणारी गोष्ट म्हणजे क्रम. आस्कीत आधी आकडे, मग मोठी अक्षरं, मग लहान. एबसिडिकमध्ये नेमकं उलटं: आधी लहान, मग मोठी, शेवटी आकडे. आकडे आणि अक्षरं मिसळलेले मालाचे कोड असतील तर डेटाबेसनं लावलेली यादी आणि ब्राउझरमध्ये पुन्हा लावलेली यादी जुळत नाही. ‘अमुक कोडपासून तमुक कोडपर्यंत’ असं दोन वेगळ्या ठिकाणी विचारलं तर उत्तरंही वेगळी येऊ शकतात. म्हणून क्रम लावायचं काम एकाच बाजूला ठेवावं, आणि ती बाजू डेटाबेसची असावी.

देवनागरीत नावं साठवायची असतील तर ३७ च्या तक्त्यात तिला जागाच नाही, रकाना युनिकोडचाच लागतो. आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘क्षी’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण त्यात क, हलन्त, ष आणि दीर्घ ईकार अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे बारा बाइट. तीस बाइटांच्या जुन्या रकान्यात असली दोन अक्षरं बसतात आणि तिसरं मध्येच कापलं जातं. रकान्याची रुंदी वाढवली की ती वापरणारे सगळे जुने प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करणं आलं. हे काम आधी मोजा, वेब नंतर.

आकड्यांबद्दल दोनच वाक्यं. आरपीजी पैसे पॅक्ड डेसिमलमध्ये ठेवते, म्हणजे दशांश जसेच्या तसे, जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. रकमेचं गणित आरपीजीत किंवा डेटाबेसमध्येच करा, ब्राउझरकडे फक्त उत्तर पाठवा.

कुलूप कुणी काढायचं?

ग्रीन स्क्रीनचा प्रोग्रॅम बदलासाठी रेकॉर्ड वाचतो तेव्हा त्याला कुलूप लागतं. ते पडदा उघडा असेपर्यंत तसंच राहतं, आणि दुसरा कुणी तेच रेकॉर्ड मागू लागला तर सहसा साठ सेकंद थांबून त्याला नकार मिळतो. पद्धत रांगडी, पण चुकीचा बदल होत नाही.

वेबवर हे करताच येत नाही. फॉर्म उघडून माणूस टॅब बंद करून गेला, तर सर्व्हरला ते कळत नाही. म्हणून इथे उलट चाल खेळतात. वाचताना कुलूप लावायचंच नाही, फक्त रेकॉर्ड शेवटचं कधी बदललं ती वेळ सोबत घ्यायची. जतन करताना ‘ही वेळ अजून तीच असेल तरच बदल कर’ असं सांगायचं. वेळ बदललेली असेल तर माणसाला कळवायचं की मध्ये कुणीतरी हात घातलाय, पुन्हा बघा. डीबी२, म्हणजे या यंत्राच्या डेटाबेसमध्ये, ही वेळ आपोआप नोंदवणारा रकाना ठेवता येतो. मात्र जुने ग्रीन स्क्रीन प्रोग्रॅम त्याच फाइलवर अजून चालू असतील तर त्यांची कुलपं चालूच राहणार, आणि वेबच्या बाजूनं साठ सेकंद ताटकळण्याची शक्यता धरून चालावं लागतं.

जुनं फेकायचं का?

माझं मत: नाही, पण जसंच्या तसं ठेवायचंही नाही. या यंत्रावर प्रोग्रॅम आणि हार्डवेअर यांच्यामध्ये एक कायमचा थर आहे. १९९५ मध्ये ४८ बिटांच्या पत्त्यांवरून ६४ बिटांच्या पॉवरपीसीवर उडी मारली तेव्हा अनेक प्रोग्रॅम मूळ कोड नसतानाही नव्या यंत्रावर रूपांतर होऊन चालू लागले. त्यामुळेच इथे तीसेक वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम सहज भेटतो, आणि त्यात व्यवसायाचे असे नियम दडलेले असतात की जे दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाहीत.

अडचण ही की नियम आणि पडदा एकाच प्रोग्रॅममध्ये विणलेले असतात. सवलत किती द्यायची हे ठरवणारी ओळ आणि कर्सर कुठे ठेवायचा ते सांगणारी ओळ शेजारीशेजारी. ते उकलून नियम सर्व्हिस प्रोग्रॅममध्ये (इतर प्रोग्रॅमांनी बोलवायच्या सामायिक प्रोग्रॅममध्ये) काढले, की तोच नियम ग्रीन स्क्रीनलाही मिळतो आणि स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमार्फत बोलवायचा प्रोग्रॅम) किंवा रेस्ट सेवा (वेबच्या विनंतीनं बोलवायची सेवा) म्हणून वेबलाही. आरपीजीची प्रोसिजर थेट वेब सेवा म्हणून मांडणारा सर्व्हर ऑपरेटिंग सिस्टमसोबतच येतो.

घाईत असलेले लोक याऐवजी ग्रीन स्क्रीनच पकडून तिला एचटीएमएलचे कपडे चढवतात. तात्पुरतं म्हणून ठीक आहे. पण आत ५२५० चा जॉब तसाच चालतो, म्हणजे ब्राउझरचं ‘मागे’ बटण दाबलं की पडदा एकीकडे आणि जॉब दुसरीकडे. आणि मूळ पडद्यावरचा एक रकाना दोन ओळी खाली सरकला तरी वरचा वेष फाटू शकतो.

दार कोण राखणार

सुरक्षेबाबत या यंत्राची ख्याती मोठी आहे आणि काही अंशी ती खरी आहे. इथे प्रत्येक गोष्ट ठरावीक जातीची ऑब्जेक्ट असते आणि डेटाची फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवताच येत नाही. पण अनेक ठिकाणी प्रत्यक्षातली सुरक्षा फक्त मेनूची होती. वापरकर्त्याला फाइलींवर पूर्ण अधिकार, फक्त मेनूत मोजकेच पर्याय. ग्रीन स्क्रीनशिवाय आत यायला वाटच नव्हती तेव्हा हे खपून गेलं. ओडीबीसी (बाहेरून डेटाबेसशी जोडणी), एफटीपी (फाइलींची ने-आण) आणि वेब आल्यावर मेनू बाजूला राहतो आणि अधिकार तेवढे उघडे पडतात. वेबचा पहिला प्रोग्रॅम लिहिण्याआधी फाइलींवरचे सार्वजनिक अधिकार काढून घेणं हे काम कंटाळवाणं आहे, आणि टाळण्यासारखं मुळीच नाही.

एचटीटीपी सर्व्हर स्वतःच्या खास प्रोफाइलखाली चालतो आणि सीजीआय प्रोग्रॅमसाठी आणखी वेगळं प्रोफाइल असतं. दोघांनाही मुद्दाम कमी अधिकार दिलेले. प्रोग्रॅम ‘परवानगी नाही’ म्हणून अडला की सगळे अधिकार बहाल करून मोकळं व्हायचा मोह होतो. त्याऐवजी प्रोग्रॅमलाच मालकाचे अधिकार उसने घेऊ द्यावेत, तेही त्या एका प्रोग्रॅमपुरते. आणि थेट इंटरनेटला तोंड द्यायला पुढे दुसरं, साधं यंत्र प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, म्हणून उभं करावं.

राहता राहिला प्रश्न चूक शोधण्याचा. ग्रीन स्क्रीनवर कुणाचं काम अडकलं तर त्याच्या नावाचा जॉब उघडून प्रोग्रॅम नेमका कुठल्या ओळीवर थांबलाय ते दिसतं. वेबवर एकसारख्या नावांचे पन्नास जॉब आणि त्यांतला नेमका कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही. सगळे एकाच सामायिक प्रोफाइलनं जोडले असतील तर सध्याचा वापरकर्ताही उपयोगाचा नाही. यासाठी डीबी२ मध्ये क्लायंटची माहिती ठेवायचे खास रजिस्टर आहेत. पूलमधून, म्हणजे तयार जोडण्यांच्या साठ्यातून, जोडणी हातात आली की वेब प्रोग्रॅमनं पहिलं काम म्हणून खऱ्या माणसाचं नाव आणि ॲप्लिकेशनचं नाव त्यांत लिहावं, आणि जोडणी परत करताना ते पुसावं. पुसायचं राहिलं, तर पुढच्या माणसानं केलेला बदल आधीच्याच्या नावावर पडतो.